पाच मोजेपर्यंत

३ मार्च

भावोजी,

हे पत्र मला तुमच्या एका वाक्यामुळे लिहावं लागतंय. परवा हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या खोलीबाहेर, तुम्ही मेट्रनबाईंना म्हणालात, "पोरीचा पाय जड आणि डोकं हलकं, मग असंच होणार." मी चार पावलांवर औषधांची पिशवी घेऊन उभी होते. तुम्ही मला पाहिलं नाही. मेट्रनबाईंनी मान डोलावली, आणि आज सकाळी माझ्या लेकीच्या हाती कागद पडला: निष्काळजीपणे गाडी चालवल्याबद्दल चौकशी, २४ एप्रिलला समितीपुढे हजर राहावे, निकालापर्यंत घरभेटींचं काम बंद.

वर नमस्कार लिहिला नाही तो विसरून नव्हे. फोन करू नका, उचलणार नाही. फोनवर तुम्ही बोलता आणि दुसऱ्याने ऐकायचं असतं. कागदावर दोघांना सारखी जागा मिळते.

काय घडलं ते तुम्हाला माहीत आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण या पत्राची प्रत मी ठेवणार आहे. तुमची पुतणी अकरा वर्षं याच हॉस्पिटलची घरभेटीची नर्स आहे. डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये जी माणसं अंथरुणाला खिळली आहेत त्यांच्या जखमा धुणं, नळ्या बदलणं, कूस बदलून देणं, हे तिचं काम. गेल्या ऑगस्टमध्ये तिने तुमच्या शोरूममधून इलेक्ट्रिक गाडी घेतली. टॉप मॉडेल घेतलं ते काचेच्या छतातून ढग बघायला नव्हे. बेस मॉडेलला एक मोटर, टॉपला दोन. चढावर ट्रक ओलांडताना गाडी झटकन पुढे निघावी, एवढ्यासाठी घेतलं. हे तिला तुम्हीच समजावून सांगितलं होतंत.

२६ फेब्रुवारीला सकाळी साडेदहा वाजता ती चढावर विटांच्या ट्रकमागे होती. समोर रस्ता रिकामा होता. तिने गाडी बाहेर काढली. गाडी ट्रकच्या बरोबरीला आली आणि तिथेच रेंगाळली. वळणावरून व्हॅन आली. लेकीने गाडी रस्त्याकडेच्या चरात घातली. व्हॅनमधल्या सहा जणांना ओरखडाही आला नाही. तिच्या उजव्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

तुम्ही तिचे काका आहात, शिवाय गाडीवाले आहात, म्हणून तुमच्या बोलण्याला वजन आलं. समितीला दोन ओळी लिहा आणि ते वाक्य मागे घ्या. एवढंच मागते.

तुमची वहिनी

---

८ मार्च
शोरूम

ती. वहिनीस,

साष्टांग नमस्कार. तुम्ही घातला नाहीत, तेव्हा दोघांचा मिळून मीच घालतो.

पत्र वाचलं आणि बाकावर उभं केल्यासारखं वाटलं. अहो, मला चिंगीची माया नाही का? दादा गेल्यापासून तिला काय हवं-नको ते मीच बघतोय. पण खरं ते खरं. टॉप मॉडेल म्हणजे जनावर आहे, वहिनी. पाय टेकवला की सुटतं. टेस्ट ड्राइव्हला येणारे भलेभले सीटला चिकटतात आणि आईची आठवण काढतात. चिंगीला ते आवरलं नाही, एवढाच मामला. गाडी रेंगाळली, असं तुम्ही लिहिता. रेंगाळेल कशी? घाबरून तिनेच पाय उचलला असेल. माणसाला अशा वेळी काही आठवत नाही. यात तिला कमीपणा नाही, बायकामाणसांचं तसं होतं.

गाडीची काळजी नको. क्रेनने उचलून माझ्याच वर्कशॉपला आणली आहे. बंपर, दिवा, पुढचं चाक, सगळं घरचं काम समजून करून देतो. बुधवारी दारात उभी करतो. मागची मॉडेलच्या नावाची पट्टी तेवढी अपघातात तुटली, ती आली की लावू.

समितीला लिहिणं मात्र जमायचं नाही. चालवणाऱ्याची चूक नव्हती असं शोरूमवाल्याने लिहून द्यायचं, मग लोक विचारणार, चूक कोणाची? गाडीची? माझ्या पोटावर पाय आणू नका. दादा असता तर त्याने समजून घेतलं असतं.

चिंगीला सांगा, काका शुक्रवारी द्राक्षं घेऊन येतोय.

तुमचा दीर

---

१५ मार्च

भावोजी,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि डोकं जरा थंड झालं. मुलीचं दुखणं समोर असलं की आईचा तोल जातो, तो तुम्ही पोटात घालाल. गाडी मिळाली. चकाचक केली आहे, ओळखू येत नाही.

एका कामासाठी पुन्हा त्रास देते. समितीच्या कागदांबरोबर गाडीची माहिती जोडायची आहे. लेक पडून आहे, आणि मला त्यातलं काय कळणार? आमच्या वेळी बॅटरी म्हणजे टॉर्चची. तेव्हा गाडी कोणतं मॉडेल, मोटरी किती, थांबलेल्या गाडीला शंभरचा वेग घ्यायला किती सेकंद लागतात, बेस आणि टॉपमध्ये नेमका काय फरक, हे शोरूमच्या कागदावर लिहून द्याल का? सही-शिक्का असला तर बरं. तुम्ही म्हणता तशी गाडी जनावर आहे हे समितीला कळायला हवं.

द्राक्षं गोड होती.

तुमची वहिनी

---

२० मार्च
शोरूम

ती. वहिनीस,

साष्टांग नमस्कार. आता कशा शहाण्यासारख्या बोललात! अहो, मी आहे कशाला?

खाली लिहितो ते जसंच्या तसं उतरवून घ्या, किंवा हाच कागद लावा. चिंगीला दिलेली निळी गाडी टॉप मॉडेल आहे. मोटरी दोन, एक पुढच्या चाकांना, एक मागच्या. शून्य ते शंभर साडेपाच सेकंदांत. बेस मॉडेलला मागे एकच मोटर आणि बॅटरीही लहान, त्याला पावणेनऊ सेकंद लागतात. सव्वातीन सेकंदांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण तो डोळ्यांना कळत नसतो, पाठीला कळतो. चढावर तर बेस म्हणजे जेवून उठलेला माणूस. टॉप चढ आहे की सपाटी हे विचारतसुद्धा नाही. मी स्वतः टॉपच वापरतो, पांढरी. चिंगीची निळी आणि माझी पांढरी, सख्ख्या बहिणी.

शिक्का दोनदा मारलाय, एक पुसट आला तर दुसरा असावा. आणखी काही लागलं तर निःसंकोच कळवा.

तुमचा दीर

---

६ एप्रिल

भावोजी,

तुमचे दोन्ही शिक्के स्वच्छ उमटले आहेत. सहीही ऐटबाज आहे.

एकतीस वर्षं मी पदार्थविज्ञान शिकवलं. चाळीस वर्षं तुम्ही मला ओळखता. तरी बॅटरी म्हणजे टॉर्चची, हे माझ्या हातचं वाक्य तुम्ही खरं मानलंत. तुम्ही मला कधी नीट पाहिलंच नाही, भावोजी. एक्स-रेच्या खोलीबाहेरही नाही.

तुमच्या पहिल्या पत्रातच मला खटकलं होतं. गाडी तोंडावर आपटली आणि नावाची पट्टी मागची तुटली? त्याच दिवशी विटांच्या ट्रकचा ड्रायव्हर हॉस्पिटलमध्ये आला होता. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "बाई, तुमच्या ताईंचं काही चुकलं नाही. बरोबर वेळेला निघाल्या. मी आरशात बघत होतो. गाडीनेच दम टाकला."

म्हणून तुमचं सही-शिक्क्याचं पत्र हातात आल्यावर मी गाडी तुमच्या वर्कशॉपशी संबंध नसलेल्या एका गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने ती लिफ्टवर चढवली, खालून टॉर्च मारली आणि हात घालून चाचपून पाहिलं. मग म्हणाला, "बाई, पुढे मोटर कुठाय?" मोटरीची जागा आहे, मोटर नाही. त्या पोकळीत कोणाची तरी पाण्याची रिकामी बाटली अडकलेली होती. ती मी जपून ठेवली आहे.

एवढ्यावर मी थांबले नाही, कारण डोळ्यांनी पाहिलेलं वादात टिकत नाही, मोजलेलं टिकतं. खाणीचा जुना रस्ता आता वाहतुकीला बंद आहे. तिथल्या सपाटीवर मी गाडी चालवली आणि गॅरेजवाल्याच्या हातात माझं शाळेतलं स्टॉपवॉच दिलं. पाच फेऱ्या जाताना, पाच येताना, म्हणजे वाऱ्याचा हिशेब उरत नाही. शून्य ते शंभर, दहा फेऱ्यांची सरासरी पावणेनऊ सेकंद. तुम्ही बेसचा दिलेला आकडा अचूक आहे, त्याबद्दल आभार. मग चढावर विटांनी भरलेला तोच ट्रक मागवला आणि ओलांडून पाहिला. पाच सेकंद पुरायला हवे होते. सात लागले. बॅटरी निम्म्यावर आली तेव्हा साडेसात.

आणि तुमची पांढरी गाडी. लेकीने पांढरीच मागितली होती, आठवतं? पांढरी येत नाही, निळी घे, असं तुम्ही म्हणालात. कागदांवर बेस की टॉप हे कुठेच सरळ लिहिलेलं नसतं, चॅसिसच्या लांबलचक आकड्यात दडलेलं असतं. तो आकडा आणि लेकीचा ऑर्डर नंबर मी कंपनीला पाठवून साधी चौकशी केली. उत्तर आलं: सदर ऑर्डरची पांढरी टॉप गाडी ११ सप्टेंबरला आपल्या शोरूमला पोहोचवली आहे. म्हणजे सात महिने तुम्ही माझ्या लेकीच्या गाडीतून फिरताय आणि तिला दुसरीच गाडी पट्टी चिकटवून दिलीत. त्या शुक्रवारी द्राक्षं आणलीत ती त्याच गाडीतून.

समितीला लिहा, असं मी आता सांगणार नाही. न्याय करायला समिती आहे. मला न्याय नको. मला तुमची जिरवायची आहे, आणि ते आधी कळवते आहे.

वहिनी

---

९ एप्रिल

वहिनी,

मीही नमस्कार घालत नाही. फॉर्म भरायचाय म्हणून गोड बोलून लिहून घेतलंत. मी फसवलं म्हणता, मग हे काय होतं?

ऐका. निळी गाडी या नव्या मॉडेलच्या अनावरणासाठी सजवली होती. टॉप वेळेवर आली नाही आणि मधोमध रिकामी जागा बरी दिसेना, म्हणून बेसलाच टॉपची चाकं, सीटकव्हर, पट्टी, सगळं चढवलं. सगळेच करतात. पुढच्या आठवड्यात चिंगी दारात उभी, काका, गाडी आजच हवी, म्हातारी माणसं वाट बघतायत. महिनाभर थांब म्हणालो असतो तर ती दुसरीकडे गेली असती. घरचा माणूस असून पुतणी दुसरीकडे जाते, म्हणजे माझी शोभा. म्हटलं, आत्ता ही देऊ, टॉप आली की बदलू. टॉप आली. दोन दिवस चालवून बघतो म्हटलं. दोनाचे चार झाले. मग तोंड कसं दाखवायचं कळेना. खेळ एवढाच आहे. मी तिचं वाईट चिंतलं नव्हतं.

आता तुमचं सांगा. पाच सेकंद पुरायला हवे होते, असं तुम्ही लिहिलंत. पाच कुठून आले, वहिनी? मला माहीत आहे. गाडी वर्कशॉपला आली तेव्हा सनव्हायझरमागे एक तक्ता सापडला. जाड पुठ्ठा, वर प्लॅस्टिक, अक्षर तुमचं. मोत्यासारखं. 'ट्रक: पाच. बस: साडेपाच. ट्रॅक्टर-ट्रॉली: सहा. एवढे आकडे म्हणून होईपर्यंत समोर रिकामं दिसेल तरच बाहेर काढावी.' पोरीने तुमचं ऐकून पाच मोजले आणि चरात गेली. गाडी मी दिली असेल, पण आकडा तुम्ही दिलात.

मी तो तक्ता समितीपुढे ठेवू? आईनेच मुलीच्या हाती खोटं गणित दिलं, हे मेट्रनबाईंना वाचायला आवडेल का? तेव्हा तुमची फाइल तुम्ही मिटा, माझी मी मिटतो. पांढरी गाडी उद्या आणून लावतो. आपण एकाच घरातले.

तुमचा दीर

---

१२ एप्रिल

भावोजी,

तक्ता ठेवा समितीपुढे. त्याची प्रत मी ३० मार्चलाच दिली आहे, माझ्या सहीसकट, आणि मूळ कागद तुमच्या वर्कशॉपमध्ये अडकला आहे असं खाली लिहून.

तुम्ही जे लिहिलंत ते मला सांगायला तुमची गरज नव्हती. शुद्धीवर येताना ती एकच बोलत होती, "आई, मी पाच मोजले गं. पूर्ण मोजले." नर्सला वाटलं भ्रमात बडबडतेय. मला कळलं. तेव्हापासून मी झोपते ती मोजत.

एकतीस वर्षं मी वर्गात सांगितलं की छापील आकडा म्हणजे दुसऱ्याने केलेला दावा, स्वतः मोजल्याशिवाय वहीत उतरवायचा नाही. न मोजता उतरवणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभं केलं आहे. आणि लेकीचा तक्ता मात्र टॉप मॉडेलच्या माहितीपत्रकावरून बनवला. स्टॉपवॉच कपाटात होतं. पंधरा मिनिटांचं काम होतं. मोजलं नाही, कारण गाडी घरातल्या माणसाने दिली होती. ही माझी चूक आणि तिची शिक्षा मी भोगते आहे. तुमची वेगळी आहे.

रविवारी, १९ तारखेला, सकाळी नऊ वाजता खाणीच्या रस्त्यावर या. पांढरी गाडी घेऊन या. विटांचा ट्रक येईल. मेट्रनबाई येतील. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, अपघात विभागात वीस वर्षं काढली, सीटबेल्ट बांधून बसायला काय हरकत आहे. गाडी मी चालवणार. तुम्ही शेजारी बसायचं आणि मोठ्याने पाचपर्यंत मोजायचं. तुमच्याकडून मला बाकी काही नको.

येताना तक्ता आणा.

आलात तर काय मिळेल, असं विचाराल. काहीही नाही. नाही आलात तर हा सगळा गठ्ठा, तुमच्या दोन शिक्क्यांसकट, सोमवारी कंपनीला जाईल.

वहिनी

---

२० एप्रिल

वहिनी,

अक्षर लागलं नाही तर माफ करा.

मी आलो. तुम्ही पाहिलंत. ट्रकच्या पुढे सव्वाशे पावलांवर रिकाम्या खोक्यांची भिंत रचलेली बघून मला आधी हसू आलं, ती खोकी माझ्याच शोरूमची होती. कुठून मिळवलीत, विचारणार नाही. तुम्ही म्हणालात, ही व्हॅन समजा. ट्रक तिच्याआधी डाव्या फाट्याला वळणार, आपण त्याच्यापुढे निघून त्याच फाट्याला वळायचं.

पहिल्यांदा पांढरी. मी एक म्हटलं, दोन म्हटलं, तिनाला ट्रकचं तोंड मागे गेलं आणि चाराला आपण फाट्यावर होतो. मेट्रनबाई मागून म्हणाल्या, "एवढंच?" मी ऐटीत म्हणालो, "बघा, जनावर!" काय बोललो मी ते.

मग निळी. तुमचा चेहरा तोच, हात तेच, पाय तसाच दाबलेला. एक. दोन. तिनाला ट्रकचं मागचं चाक माझ्या खिडकीत होतं. माझ्या कानाशी ते घरघरत होतं आणि पुढे सरकत नव्हतं. चार. खोकी मोठी होत होती. मी थांबलो, तुम्ही शांतपणे म्हणालात, "मोजा, भावोजी." मी पाच म्हटलं आणि ते चाक तिथेच होतं. पाच संपले होते आणि आपण निम्म्यावर होतो. मग मी काय ओरडलो ते मला आठवत नाही, पण मेट्रनबाईंनी लिहून घेतलंय म्हणे: "वहिनी, पाय काढा, ही बेस आहे, नाही उचलणार!"

तुम्ही पाय काढला नाहीत. खोक्यांतून आरपार गेलो. पुठ्ठाच होता, मला ठाऊक होतं पुठ्ठाच आहे. तरी मी मेलो होतो. चिंगीसमोर पुठ्ठा नव्हता.

समितीला पत्र आजच हाताने नेऊन दिलं. गाडी बेस होती, पट्टी मी लावली, चिंगीचा दोष नाही, मी मेट्रनबाईंना म्हणालो ते खोटं होतं, सगळं लिहिलं. प्रत सोबत आहे.

आता हात जोडतो, वहिनी. मी आलो, मोजलं, लिहून दिलं. कंपनीला काही पाठवू नका. एजन्सी गेली तर या वयात मी काय करू? तीस वर्षं त्या काचांमागे उभा आहे. दादाने पहिल्या दिवशी माझ्या टेबलावर पेन ठेवलं होतं, ते अजून तिथेच आहे. त्याच्याकडे बघून तरी सोडा.

तुमचा दीर

---

४ मे

भावोजी,

समितीने २४ तारखेला माझ्या लेकीवरचा ठपका पुसला. मेट्रनबाईंनी त्या दिवशीची वही वाचून दाखवली, तुमच्या ओरडण्यासकट. हाड जुळलं की ती कामावर जाईल. डॉक्टर म्हणतात, उजवा पाय बोटभर आखूड राहील. ती म्हणते, बुटात जाड तळवा घालीन, पेशंटला कळायचंही नाही.

कंपनीचं पत्र तुम्हाला मिळालं असेल. एजन्सी काढून घेतल्याचं मला काल कळलं.

मी फसवलं, असं तुम्ही म्हणाल. माझं १२ तारखेचं पत्र पुन्हा वाचा. नाही आलात तर सोमवारी पाठवीन, असं होतं. तुम्ही आलात म्हणून सोमवारी पाठवलं नाही. मंगळवारी पाठवलं. लेकीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आई, काका आला होता ना गं?" मी म्हटलं, आला होता. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून होती, आणि त्या पायाने कुशीवर वळायला तिला किती त्रास होतो ते मला माहीत आहे. तो राग मी घेतला आहे. परत करणार नाही.

मंगळवार का उजाडला, ते सांगते. खोक्यांतून बाहेर आल्यावर तुम्ही दार उघडून रस्त्यावर बसलात. मी पाणी दिलं. तुम्ही घोट घेतलात आणि पहिलं काय विचारलंत, आठवतं? "कोणी शूटिंग नाही ना केलं?" मी तुमच्या समोर उभी होते. ट्रक ड्रायव्हर उभा होता. त्या क्षणी तुम्ही लेकीचं नाव घेतलं असतंत, ती कशी आहे एवढं जरी विचारलं असतंत, तर मी घरी जाऊन गठ्ठा चुलीत घातला असता. तुमच्या पत्रात तिची आठवण आली, पण ती दुसऱ्या दिवशी, आणि खाली एजन्सीची मागणी होती.

तुमच्या दादाकडे बघायला सांगितलंत. मी रोज बघते. फोटो तिच्या खाटेसमोरच आहे.

शुक्रवारी सकाळी दहाला शोरूमच्या दारात मी गाड्या बदलायला येईन. बोलायला येणार नाही. खालच्यासारखा कागद करून आणते, दोघांनी सही करायची.

वहिनी

---

८ मे, शुक्रवार, सकाळी दहा
शोरूमच्या दारात झालेली देवाणघेवाण

दिराकडून मिळालं: पांढरी गाडी, टॉप मॉडेल, मोटरी दोन, लिफ्टवर चढवून पाहिल्या. किल्ल्या दोन. चार्जिंगची केबल एक. पुस्तिका एक. मागच्या सीटवर द्राक्षांची पेटी एक, ती परत केली.

दिराला दिलं: निळी गाडी, बेस मॉडेल, मोटर एक. किल्ल्या दोन. चार्जिंगची केबल एक. पाण्याची रिकामी बाटली एक, पुढच्या चाकांमधून काढलेली. शोरूमच्या रिकाम्या खोक्यांचे तुकडे, एक पोतं. त्याच्या भावाने दिलेलं पेन टेबलावर असायचं, काचा उतरवणाऱ्या माणसांनी ते कचऱ्यात टाकलं होतं, ते उचलून त्याच्या हातात दिलं.

पांढऱ्या गाडीत लेक मागच्या सीटवर पाय लांब करून बसली होती. दीर खिडकीशी गेला. काच खाली झाली. काय बोलणं झालं ते ऐकलं नाही, म्हणून नोंदवलं नाही.

तक्ता, हस्तलिखित, एक: १९ एप्रिलला दिराने आणून दिला होता. समितीने पाहून परत केला. दिराने आज तो मागितला, फाडून टाकू म्हणाला.

दिला नाही. तो माझा आहे.

दोघांच्या सह्या